कमरेवरचा वळ आणि परळची प्रयोगशाळा

१९४५ साली अमेरिकेतल्या ‘आर्काइव्हज ऑफ पॅथॉलॉजी’ या नियतकालिकात मुंबईहून गेलेला एक लेख छापून आला. डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई या दोघांनी तो लिहिला होता. लोकांच्या रोजच्या चालीरीतींमधून उद्भवणाऱ्या कर्करोगाचे तीन नवे भारतीय प्रकार त्यात मांडले होते. त्यांतला एक होता धोतराचा कर्करोग. परदेशी वाचकाला तिथे आधी धोतर समजावून सांगणं भाग होतं. मराठी वाचकाला हे नाव वाचूनच धक्का बसावा, कारण ज्या वस्त्राचा कुणाला कधी संशयही आला नसता त्याच्यावर बोट ठेवलं गेलं होतं.

धोतर नेसणाऱ्याच्या कमरेला वळ असतोच. निऱ्या खोचायच्या, काष्टा मारायचा, आणि दिवसभर वाकून काम करताना ते सुटू नये म्हणून कमरेशी कापड आवळून घ्यायचं. कमरेच्या हाडाच्या थोडं वर, बरगड्यांच्या खाली, तो पीळ वर्षानुवर्षं एकाच जागी बसतो. खाली घाम, वर धूळ आणि मधे जाडंभरडं कापड. तिथली कातडी आधी काळवंडते किंवा तिचा रंग उडतो. मग ती जाड होते, तिला खवले धरतात, भेग पडते. भेगेची जखम होते, पण ती भरून यायला फुरसत मिळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी पुन्हा पीळ बसतो. कातडीच्या पेशी नुकसान भरून काढण्यासाठी सतत विभागत राहतात, आणि अशा वीस-तीस वर्षांनंतर एखाद्या ठिकाणी हे विभागणं थांबेनासं होतं. जखमेच्या कडा उचलल्या जातात, तळ कडक होतो. विकृतिशास्त्रज्ञ त्या जागेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरतो तेव्हा त्याला कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा कर्करोग दिसतो.

हे ओळखायला सूक्ष्मदर्शक लागतो, पण तो पुरत नाही. काचपट्टीवर दिसणारा कर्करोग धोतराचा की भाजल्याचा की आणखी कशाचा, हे काच सांगत नाही. त्यासाठी रोग्याला विचारावं लागतं: तुम्ही नेसता काय, गाठ कुठे बांधता, शेतात किती वेळ असता, अंघोळीनंतर तेच कापड पुन्हा गुंडाळता का. खानोलकरांचं मोठेपण मला या प्रश्नांमध्ये दिसतं. युरोपात याला जुना दाखला होता. पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यवैद्याने १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या अंडकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. काश्मीरमध्ये एल्मस्ली या मिशनरी डॉक्टरने १८६६ साली कांगडीच्या कर्करोगाबद्दल लिहिलं: थंडीत फेरन या सैल अंगरख्याखाली पोटाशी धरलेल्या निखाऱ्यांच्या भांड्याने पोटाची आणि मांडीची कातडी पुन्हापुन्हा भाजते, आणि नेमका तिथेच रोग होतो. खानोलकरांनी हा धागा उचलला आणि तो एका गावात किंवा एका व्यवसायात न ठेवता अख्ख्या देशाला लावून पाहिला.

त्यांचा जन्म १८९५चा. लंडनला शिकून १९२३ साली त्यांनी विकृतिशास्त्रातली एमडी घेतली, परत येऊन मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवलं. त्या काळात आपल्याकडचा विकृतिशास्त्राचा प्राध्यापक म्हणजे शवविच्छेदन करणारा आणि विद्यार्थ्यांना काचपट्ट्या दाखवणारा माणूस. संशोधन हे त्याचं काम समजलं जात नसे. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या होत्या. पुढल्याच वर्षी त्यांचे पती दोराबजीही गेले. त्या दुःखातून आणि टाटांच्या विश्वस्त निधीतून उभं राहिलेलं हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं. देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून माणसं तिथे येऊ लागली, आणि एका विकृतिशास्त्रज्ञाच्या टेबलावर पहिल्यांदाच बिहारी, आंध्रातला, गुजराती, कोकणी, वऱ्हाडी असे सगळे कर्करोग शेजारी शेजारी येऊन पडले.

त्यांनी मोजायला सुरुवात केली. १९४४ मध्ये ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी छापला. पारशी, मुसलमान, वेगवेगळ्या जातींचे हिंदू, ख्रिस्ती यांच्यात कोणत्या अवयवाचा कर्करोग जास्त होतो, कुणात स्तनाचा, कुणात गर्भाशयाच्या मुखाचा, याची तुलना केली. एकाच शहरात, एकाच हवेत, एकाच नळाचं पाणी पिऊन माणसं राहतात आणि त्यांचे कर्करोग मात्र निराळे असतात, तेव्हा कारण खाण्यात, नेसण्यात, लग्नाच्या वयात, तंबाखू लावण्याच्या पद्धतीत शोधावं लागतं. पुढे १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्याबरोबर त्यांनी तंबाखू ओढणं व चघळणं आणि घशा-अन्ननलिकेचा कर्करोग यांचा संबंध मांडला. डॉल आणि हिल यांनी इंग्लंडात सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवरचा पहिला लेख छापून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. आज तंबाखूच्या पुडीवर छापलेल्या इशाऱ्याची मुळं शोधत गेलं तर माग परळपर्यंत येतो.

कातडीशी त्यांचं नातं कर्करोगापुरतं नव्हतं. कुष्ठरोगावरही त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. सुरुवातीच्या चट्ट्यांचे तुकडे घेऊन, जंतू कातडीतल्या बारीक मज्जातंतूंमध्ये कसे शिरतात आणि तिथून कसे पसरतात याचा माग त्यांनी काढला. गावाकडे कातडीवर पांढुरका डाग दिसला की पहिली भीती कोडाची आणि दुसरी महारोगाची. तिसरी शक्यता, हा डाग कापडाच्या घर्षणाने रंग गेलेला आहे आणि पंधरा वर्षांनी तिथे कर्करोग होऊ शकतो, ही कुणाच्या मनातही येत नसे. चट्टा बघण्याची सवय लागलेल्या माणसाच्याच नजरेत कमरेवरचा वळ भरला, असं मला वाटतं.

आता मेलॅनोमाकडे, म्हणजे कातडीतल्या रंगपेशींच्या कर्करोगाकडे येतो. खानोलकरांच्या टेबलावर भारतीय कातडीचे इतके कर्करोग आले, पण पाश्चात्त्यांना ज्याची सर्वांत धास्ती, तो काळा कर्करोग त्यांत थोडाच होता. कारण आपल्या रंगात आहे. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गोऱ्या माणसाच्या आणि सावळ्या माणसाच्या कातडीत साधारण सारख्याच संख्येने असतात. फरक पडतो तो त्या बनवतात त्या मेलॅनिनच्या कणांत. सावळ्या कातडीत हे कण मोठे असतात, सुटे सुटे पसरतात, सावकाश मोडतात, आणि पेशीच्या केंद्रकावर तान्ह्याच्या डोक्यावर टोपडं असावं तसे जमून बसतात. अतिनील किरण केंद्रकातल्या जनुकांपर्यंत पोचण्याआधीच बरेचसे तिथे अडतात. ऑस्ट्रेलियात युरोपातून गेलेल्या गोऱ्या लोकांना हे संरक्षण नव्हतं. विषुववृत्ताकडे जावं तसे तिथले मेलॅनोमाचे मृत्यू वाढतात, हे लँकॅस्टर यांनी १९५६ मध्ये आकड्यांनी दाखवलं. आज तिथे लाखामागे पस्तीसच्या आसपास माणसांना दरवर्षी हा रोग होतो. भारतात लाखात एकालाही नाही.

या आकड्याने आपल्याकडे एक गैरसमज रुजला, की हा आपला रोगच नव्हे. डॉक्टरही पटकन तसं म्हणून जातात. पण तो आपल्याकडे होतो तेव्हा जागा बदलून होतो. तळपाय, टाच, अंगठ्याच्या नखाखाली, तळहात, तोंडाच्या आतलं अस्तर, गुदद्वार. तळपायाच्या कातडीला ना फार रंग, ना ऊन. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड रीड यांनी हातापायांच्या टोकांना होणारा हा प्रकार वेगळा ओळखून त्याला नाव दिलं. ‘अ‍ॅक्रल’ म्हणून तो ओळखला जातो. बॉब मार्ले हा जमैकाचा गायक १९८१ मध्ये ज्याने गेला तो हाच, पायाच्या नखाखाली सुरू झालेला.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातलं बीबी डोळ्यांसमोर आणा. सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. काळ्या जमिनीचा, कपाशीचा मुलूख. पराटीच्या बुडख्यांत, काट्यांत अनवाणी किंवा पातळ चपलेत वावरणाऱ्या पायाला घट्टे, भेगा, कुरूप काही नवीन नाही. टाचेवर काळा डाग दिसला तर काटा मोडला असेल, रक्त गोठलं असेल, भोवरी झाली असेल, असंच घरचे म्हणतात. ब्लेडने तासून टाकतात, चुना लावतात. भोवरी तासल्यावर काही दिवसांत बरं वाटायला हवं. डाग वाढत असेल, कडा वाकड्यातिकड्या होत असतील, एकाच डागात काळा, तपकिरी, निळसर असे दोन-तीन रंग दिसत असतील, नखात उभी काळी रेघ येऊन ती रुंदावत असेल आणि नखाच्या मुळाशी कातडीवरही काळेपणा उतरत असेल, तर तो तुकडा तपासायलाच हवा. १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दाखवलं की हा कर्करोग कातडीत किती मिलिमीटर खोल गेला आहे यावर रोग्याचं पुढचं आयुष्य ठरतं. एक मिलिमीटरच्या आत सापडला तर बहुतेक माणसं वाचतात; चार मिलिमीटरच्या पुढे गेला की जांघेतल्या गाठींत, फुप्फुसात, मेंदूत तो पोचण्याची भीती मोठी. तासण्यात आणि चुन्यात गेलेले महिने या मिलिमीटरांत मोजले जातात.

१९४५ मध्ये बीबीच्या माणसाला परळला जायचं म्हटलं तर काय करावं लागलं असतं, याचा मी विचार करतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. जवळचं जालन्याचं स्टेशन निजामाच्या हद्दीत. तिथून मीटरगेजने मनमाड, मनमाडला गाडी बदलून मुंबई. कमरेवरच्या न दुखणाऱ्या जखमेसाठी पेरणी सोडून कोण इतकं जाणार? म्हणजे खानोलकरांनी जे रुग्ण पाहिले ते शेवटच्या टप्प्यात नाइलाजाने आलेले असणार, आणि गावात राहिलेले कितीतरी कुठल्याच नोंदीत आले नाहीत. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू केली. ग्रामीण भागातली पहिली नोंदणी सुरू व्हायला १९८७ उजाडलं, तीही सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला. शहर आणि गाव यांच्यातलं हे चोवीस वर्षांचं अंतर मला फार मोठं वाटतं.

खानोलकरांना पुढे मानसन्मान भरपूर मिळाले: १९५४ मध्ये पद्मभूषण, आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचं अध्यक्षपद, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपद. अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीतही ते भारताच्या बाजूने बसले. पण त्यांनी उभं केलेलं खरं काम म्हणजे टाटा मेमोरियलच्या शेजारचं इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर. १९५२ पासून ते त्याचे पहिले संचालक होते. जीवशास्त्र, रसायन, आनुवंशिकी शिकलेल्या तरुण मुलामुलींना त्यांनी डॉक्टरांच्या बरोबरीने कर्करोगावर कामाला लावलं. १९४०-५०च्या दशकांत वैद्यकीय पदवी नसलेल्याला रुग्णालयाच्या आवारात संशोधक म्हणून मान मिळणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्यांतली सर्वांत ठळक विद्यार्थिनी कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुण्याचा. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलींनीही तितकंच शिकावं यावर त्यांचा कटाक्ष होता. कमल हुजूरपागेत शिकल्या, फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, मग सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर एमएस्सी केली. १९३९ मध्ये गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी लग्न होऊन मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियलमध्ये खानोलकरांच्या हाताखाली काम करू लागल्या. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळाली. सीताफळाच्या गुणसूत्रांकडून उंदराच्या स्तनातल्या गाठीकडे झालेला हा प्रवास आज कुणाला विचित्र वाटेल. मला तो अगदी सरळ वाटतो: पेशी विभागताना काय बिघडतं, हा एकच प्रश्न दोन्हीकडे होता.

पीएचडीनंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या शरीराबाहेर काचेच्या नळीत अखंड वाढत राहणाऱ्या पहिल्या मानवी कर्करोगपेशी, ‘हीला’ पेशी, १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत निघाल्या. पेशींना शरीराबाहेर जगवायची ही विद्या शिकून रणदिवे परतल्या आणि परळला त्यांनी ऊतक संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशात असं काम करणाऱ्या त्या अगदी पहिल्यांपैकी. वीज गेली, अन्नद्रवात बुरशी शिरली, किंवा उबवणयंत्राचं तापमान दोन अंशांनी चढलं, की अनेक आठवड्यांची मेहनत जाते; पन्नासच्या दशकातल्या मुंबईत हे रोज सांभाळायचं होतं. उंदरांच्या निरनिराळ्या जाती पाळून स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी तपासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केलं, तिथेही गुरूचाच धागा पुढे नेला.

१९६६ ते १९७० त्यांनी संस्थेचं संचालकपद सांभाळलं. १९७३ मध्ये अकरा सहकाऱ्यांबरोबर त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात जाऊन आदिवासी मुलांच्या पोषणाची आणि रक्ताची पाहणी केली. १९८२ मध्ये पद्मभूषण, २००१ मध्ये निधन. हे वाचताना जाणवतं ते असं, की रुग्णाच्या गावापर्यंत जाण्याची ओढ खानोलकरांच्या संस्थेत झिरपलेली होती. ती फक्त काचपट्ट्यांच्या कपाटात अडकून पडली नाही.

पेशी बाहेर वाढवण्याच्या त्या विद्येशिवाय मेलॅनोमावरचं आजचं संशोधन झालंच नसतं. ‘बी सोळा’ नावाची उंदराच्या मेलॅनोमाची पेशीमाला १९५४ मध्ये अमेरिकेत एका उंदराला झालेल्या गाठीतून आली आणि कर्करोग एका अवयवातून दुसऱ्यात कसा पसरतो याचे कितीतरी धडे तिच्यावरच गिरवले गेले. १९७३ मध्ये आयझाया फिडलर यांनी त्या पेशींतून फुप्फुसात पोचणाऱ्याच निवडत निवडत पसरण्याचा स्वभाव वेगळा काढून दाखवला. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात पुण्यात पेशी संवर्धनाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं, आणि तिथून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीमाला जाऊ लागल्या. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांना गोऱ्या लोकांच्या कातडीवरच्या निम्म्याहून जास्त मेलॅनोमांत ‘बीरॅफ’ या जनुकातला एक नेमका बदल सापडला, त्यावर गोळी निघाली, ती २०११ पासून अमेरिकेत मिळू लागली. त्याच वर्षी रोगप्रतिकारक पेशींचा ब्रेक सोडवणारं पहिलं औषधही मेलॅनोमासाठीच मंजूर झालं. वैद्यकातली ही खरोखर मोठी झेप. पण तळपायाच्या मेलॅनोमात ‘बीरॅफ’चा तो बदल बराच कमी वेळा आढळतो, त्यामुळे त्या गोळीचा उपयोगही कमी जणांना. ज्यांचा रोग जास्त अभ्यासला गेला त्यांचं औषध आधी आलं.

तळपायाला ऊन लागत नाही, मग तिथे मेलॅनोमा का? २०१६ मध्ये जपानी डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तळपायाचा नकाशाच मांडला. प्रत्येक रुग्णाचा डाग नेमका कुठे होता ते त्यावर टिपलं. ठिपके टाचेवर, बोटांच्या मुळाशी, तळव्याच्या बाहेरच्या कडेला दाटले. जिथे पाय जमिनीवर टेकत नाही त्या खोलगट भागात विरळ राहिले. शरीराचं वजन जिथे पडतं तिथे रोग जास्त. दाब आणि घर्षण यांनी रंगपेशींत नेमकं काय घडतं, यावर अजून काम चालू आहे. तो नकाशा पाहताना मला मात्र १९४५चा लेख आठवल्याशिवाय राहिला नाही. पेशी निराळी, कर्करोग निराळा, पण शरीराच्या कुठल्या जागेवर काय दाबलं जातं हे बघत जाण्याची रीत तीच.

आणि धोतराचा कर्करोग? धोतर नेसणारे म्हातारे आता थोडे उरले, म्हणून तो इतिहासजमा झाला असं वाटत होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन वयस्क स्त्रियांची हकिगत छापली. दोघींनाही कमरेच्या बाजूला, परकराची नाडी किंवा लुगड्याचा पीळ बसतो तिथे, बरी न होणारी जखम होती. दोन्हींत कर्करोग निघाला. त्यांतली एक बाई परकर न घालता लुगडं कमरेला घट्ट आवळून नेसत आली होती. चाळीस वर्षं, रोज. तिचा रोग जांघेतल्या एका गाठीपर्यंत पोचला होता. दुसरीने डॉक्टरांना सांगितलं, की सहा वर्षांपूर्वी तिथला रंग उडालेला छोटासा डाग तिने पाहिला होता, साधं कातडीचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिला.

डॉक्टरांनी दिलेला सल्ला साधा आहे. लुगड्याखाली परकर घालावा म्हणजे दाब वाटला जातो, तोही सैल बांधावा, आणि कमरेची कातडी जाड झाली, खाजली किंवा पांढुरकी पडली तर काही दिवस ढिले कपडे घालावेत. जखम महिनाभरात भरली नाही तर बीबीतून आता संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे, आणि तुकडा तपासायला मुंबईला जावं लागत नाही.